आधी सेवा, मग शक्ती : डंजन्स अँड ड्रॅगन्ससाठी देवाचा सेवेकरी घडवताना

सांगलीत आमचा पाच जणांचा गट रविवारी दुपारी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायला बसतो. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि फाशांच्या मदतीनं सगळ्यांनी मिळून गोष्ट घडवायची, असा हा खेळ. डीएम (डंजन मास्टर), म्हणजे गोष्ट सांगणारा आणि नियम चालवणारा, मी असतो. मागच्या पावसाळ्यात एका मैत्रिणीनं नवं पात्र करायला घेतलं. तिला क्लेरिक हवी होती, म्हणजे जिची सगळी शक्ती देवाकडून येते अशी. तिनं डोमेन, म्हणजे देवाच्या शक्तीचं क्षेत्र, ठरवलं, मंत्र निवडले, चिलखत आणि ढालही घेतली. मी विचारलं, "देव कुठला?" ती म्हणाली, "कुठलापण लिही की, काय फरक पडतोय?"

नियमांच्या दृष्टीनं खरंच फरक पडत नाही. पण माझा स्वतःचा पहिला क्लेरिक मी असाच केला होता. यादीतलं एक नाव उचललं, कागदावर टाकलं, आणि सहा-सात बैठकांनंतर माझ्याच देवाचं नाव मला कागदात शोधावं लागलं. जखमा भरत होत्या, हातातून उजेड पडत होता, पण हे सगळं देणारा कोण आहे याच्याशी त्या पात्राचं काही घेणंदेणं नव्हतं. ते पात्र मी मध्येच सोडलं आणि कुणाला त्याची आठवणही आली नाही.

म्हणून त्या दिवशी आम्ही तिचा कागद बाजूला ठेवला आणि उलट्या टोकानं सुरुवात केली. देव काय मागतो, ते आधी. आकडे सगळ्यात शेवटी. तोच क्रम इथं देतो. खालचे नियम २०१४च्या आवृत्तीतले आहेत. २०२४च्या आवृत्तीत क्लेरिकचं डोमेन पहिल्याऐवजी तिसऱ्या पातळीवर निवडायचं असतं, बाकी विचार तसाच लागू पडतो. पुस्तक विकत घ्यायचं नसेल तर मूळ नियमांचा मोठा भाग जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळतो. त्यात क्लेरिकचं एकच डोमेन आहे, लाइफ. सुरुवातीला तेवढं पुरतं.

पहिली पायरी : देव काय मागतो?

ही पायरी आपल्याकडच्या माणसाला सोपी जायला हवी, कारण देवाशी देवाणघेवाण करायची भाषा आपल्या तोंडात आधीच आहे. देव पावतो, कोपतो, राखण करतो. नवस बोलला की फेडावा लागतो. साताऱ्यातल्या पालला पौषात खंडोबा-म्हाळसाचं लग्न लागतं आणि तारळीच्या काठी माणसं भंडाऱ्यानं पिवळी होऊन जातात. चैत्रात शिखर शिंगणापूरला मुंगी घाटातून कावडी वर चढवतात, माणसांची साखळी करून, एकमेकांना हात देत. ही सेवा अंगमेहनतीची आहे. खांदा दुखतो, पाय सोलतात, आणि ते पाणी महादेवाला पोचतं. तुमच्या पात्राच्या देवालाही असंच काहीतरी ठोस हवं असलं पाहिजे. "चांगलं वाग", "दुष्टांशी लढ" हे मागणं नव्हे. तसं तर गटातला प्रत्येकजण वागतच असतो.

मी तीन गोष्टी ठरवायला सांगतो. एक रोजची, पाच मिनिटांत होणारी. एक पथ्याची, म्हणजे जे कधीच करायचं नाही. आणि एक कर्तव्याची, जी पाळताना कधी ना कधी जिवावर बेतेल. तिसरी सगळ्यात महत्त्वाची आहे. ती ठरवायला अर्धा तास लागला तरी चालेल.

इथं एक गोष्ट ठामपणे सांगतो. खेळात खऱ्या देवाला आणू नका. पाचजण बसले असतील तर तुम्ही निवडलेलं दैवत त्यातल्या कुणाचं तरी कुलदैवत असायची शक्यता आपल्या भागात फार मोठी आहे. खेळात देव चुकतो, हरतो, कधी खलनायकही होतो. कुणाच्या देव्हाऱ्यातल्या टाकाला हे सोसायला लावू नये. रीत घ्या, नातं घ्या, शब्द घ्या. नाव आणि रूप मात्र स्वतः घडवा.

मैत्रिणीनं नदीची देवी घडवली. सांगलीच्या माणसाला दुसरं सुचणं अवघडच. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पावसाळ्यात इथं घराघरांत 'किती फूट झालं?' एवढंच विचारतात. जी वर्षभर पिकवते तीच दारात येऊन उभी राहते, हे आम्हाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. देवीचं नाव ठेवलं डोहाई. तिची तीन मागणी अशी: रोज पाणी प्यायच्या आधी पहिली ओंजळ तिची. अंगावर लोखंड चढवायचं नाही, कारण लोखंड माणसाला तळाशी नेतं. आणि पाण्यात पडलेल्या कुणालाही हात द्यायचा, मग तो कुणीही असो.

ते शेवटचं ऐकल्यावर मी वहीत एक खूण केली. पुढचे चार महिने त्या एका ओळीवर खेळ चालणार हे दिसतच होतं.

दुसरी पायरी : नातं कसं जुळलं?

देवाची सेवा करणारे सगळे एका मापाचे नसतात, आणि ही गोष्ट गावच्या जत्रेत उभं राहून नुसती बघितली तरी कळते.

गुरवाला सेवा वारशानं येते. भावकीत पूजेच्या पाळ्या वाटलेल्या असतात, कुणाची कधी ते ठरलेलं असतं. आता असं पात्र बघा: ऐन पाळीच्या वेळी ते गाव सोडून साहसाला निघालंय, आणि त्याच्या जागी उभा राहिलेला चुलतभाऊ मनातून धुमसतोय. डीएमला यापेक्षा जास्त काही लागत नाही. तीन बैठकांची कथा इथंच झाली.

नवसाचं मूल वेगळं. नवस आईबापांनी बोलला, फेडतोय हा. न घेतलेलं कर्ज डोक्यावर आहे. असं पात्र देवावर चिडूही शकतं आणि तरी रोजची सेवा चुकवत नाही. खेळायला मला हे सगळ्यात आवडतं, कारण श्रद्धा आणि राग एकाच माणसात ठेवता येतात.

माळकऱ्यानं स्वतःहून माळ घातलेली असते. त्यानं काय सोडलं आणि कुठल्या दिवशी सोडलं, एवढं लिहिलं की पात्र उभं राहतं. मानकऱ्याला मानाची चिंता असते: पालखीला पहिला खांदा माझा. आणि ज्याच्या अंगात येतं त्याला तर निवडीची संधीच मिळालेली नसते. हा शेवटचा प्रकार घ्यायचा असेल तर डीएमशी आधी बोला, कारण तिथं पात्राचा ताबा थोडा वेळ दुसऱ्याकडे जातो.

याच पायरीवर एक शंका निकालात काढा. तुम्हाला क्लेरिकच हवाय ना? २०१४च्या नियमांत पॅलाडिनची (धर्मयोद्ध्याची) शक्ती शपथेतून येते, वॉरलॉकची एखाद्या बलाढ्य शक्तीशी केलेल्या करारातून, आणि क्लेरिकची देवाकडून. स्वतःला विचारा, "मी थांबलो तर काय होईल?" उत्तर "माझा शब्द मोडेल" असं आलं तर तुमच्या मनात पॅलाडिन आहे. "समोरचा वसुलीला येईल" असं आलं तर वॉरलॉक. "देव गप्प होईल" असं आलं, आणि ते गप्प होणं तुम्हाला सहन होणार नसेल, तर क्लेरिक घ्या. १९७४ साली हा खेळ पहिल्यांदा छापला गेला तेव्हा पात्रांचे तीनच वर्ग होते आणि क्लेरिक त्यातला एक होता. तेव्हापासून त्याला जखमा भरणारा म्हणून गटात ओढून घेतात, आणि म्हणूनच त्याचा देव मागे पडत जातो.

मैत्रिणीनं नवसाची मुलगी घेतली. नाव सावळी, बाप नावाडी. पुरात नाव उलटली तेव्हा आईनं पोटावर हात ठेवून डोहाईला सांगितलं, हिला वाचव, ही तुझीच.

तिसरी पायरी : डोमेन

आता नियमांचं पुस्तक उघडा. मूळ डोमेन सात आहेत: नॉलेज, लाइफ, लाइट, नेचर, टेम्पेस्ट (वादळ), ट्रिकरी (फसवाफसवी), वॉर. लोक देवाच्या खात्यावरून डोमेन लावतात, म्हणजे नदी असेल तर नेचर. मी सेवेकऱ्यावरून लावतो. डोहाई तीच राहते, पण टेम्पेस्ट घेतलं तर सेवेकरीण पुराची होते, धडकणारी. नेचर घेतलं तर काठावरच्या झाडाझुडपांची. लाइफ घेतलं तर बुडणाऱ्याला ओढून काढणारी. सावळीचं कर्तव्य हात देण्याचं आहे, तेव्हा लाइफ. एका मिनिटात ठरलं, कारण अवघड काम आधी झालेलं होतं.

चौथी पायरी : आकडे

पात्राच्या सहा गुणांसाठी ठरावीक संच १५, १४, १३, १२, १०, ८ घ्या. क्लेरिकचे मंत्र विझडमवर (शहाणपणावर) चालतात, म्हणून १५ तिथं. मानवाला प्रत्येक गुणात एक वाढतो, म्हणजे विझडम १६ आणि त्यामुळे फाशात मिळवायचा आकडा +३. मंत्र चुकवायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा ८, पहिल्या पातळीच्या कौशल्याचे २ आणि विझडमचे ३, म्हणजे १३. सावळीला १४ डेक्स्टेरिटीत (चपळाई) दिले, १३ कॉन्स्टिट्यूशनमध्ये (काटकपणा), १२ स्ट्रेंग्थमध्ये (ताकद). एक-एक वाढल्यावर ते १५, १४, १३ झाले. पहिल्या पातळीला जीव क्लेरिकचे ८ अधिक कॉन्स्टिट्यूशनचे २, म्हणजे १०.

आता पथ्याची किंमत बघा. लाइफ डोमेनला जड चिलखत चालतं. साखळ्यांचं चिलखत आणि ढाल घेतली असती तर तिचा आर्मर क्लास, म्हणजे तिला मारायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा, १८ झाला असता, आणि त्यासाठी लागणारी १३ स्ट्रेंग्थही तिच्याकडे आहे. पण लोखंड चालत नाही. चामड्याचं चिलखत ११, डेक्स्टेरिटीचे २, लाकडी ढालीचे २, एकूण १५. तीन आकड्यांचा तोटा, प्रत्येक लढाईत. मैत्रीण थोडा वेळ कागदाकडे बघत बसली. मग म्हणाली, "असूदे. हे दिसलं पाहिजे." माझ्या मते त्या क्षणी सावळी खरी झाली. पथ्य पाळताना काहीच जात नसेल तर ते पथ्य नुसतं शोभेचं राहतं.

मंत्र निवडताना प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: हे देवानं का दिलं असेल? पहिल्या पातळीचा क्लेरिक विझडमचे ३ आणि पातळीचा १, असे चार मंत्र रोज तयार ठेवतो. लाइफ डोमेनचे ब्लेस आणि क्युअर वूंड्स त्यावर वेगळे मिळतात. सावळीचे चार असे: हीलिंग वर्ड, सँक्च्युअरी, प्युरिफाय फूड अँड ड्रिंक, क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर. शेवटचे दोन बहुतेक खेळाडू बघतही नाहीत. पण क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर एका वेळी १० गॅलन पाणी देतो, म्हणजे साधारण ३८ लिटर, तीनेक घागरी. आमच्यातला एकजण आटपाडीकडचा आहे. हा मंत्र वाचल्यावर तो म्हणाला, "ही बाई दुष्काळी गावात गेली तर लोक तिला जाऊ देणार नाहीत." पुढच्या महिन्यात मी नेमकं तेच गाव खेळात आणलं.

क्युअर वूंड्सचा हिशेब एकदा करून ठेवा, बैठकीत वेळ वाचतो. आठ बाजूंचा फासा, विझडमचे ३, आणि लाइफ डोमेनचे जादा ३, कारण हे डोमेन २ अधिक मंत्राची पातळी एवढं वाढवून देतं. म्हणजे फासा अधिक ६. ब्लेसला साहित्य म्हणून पवित्र पाण्याचा शिडकावा लागतो हे पुस्तकातच आहे. सावळी दर वेळी तुंब्यातलं नदीचं पाणी शिंपडते, आणि आम्ही सगळे नकळत मान खाली करतो.

देवाचं चिन्ह गळ्यात, हातात किंवा ढालीवर असावं लागतं. परदेशी चित्रांतली पदकं बघत बसू नका. आपल्याकडे टाक आहेत, चांदीच्या पत्र्यावर उठवलेले, घरच्या देव्हाऱ्यात पिढ्यान्पिढ्या पुजलेले. सावळीच्या गळ्यात डोहाईचा टाक आहे, आणि त्याच्या एका कोपऱ्याला पुरात पडलेली घडी आहे.

पाचवी पायरी : देव रुसतो कधी, आणि कसा?

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत नियम सरळ होता: देवाच्या आचारसंहितेचा मोठा भंग केला तर प्रायश्चित्त होईपर्यंत क्लेरिकची शक्ती जाते. २०१४च्या नियमांत क्लेरिकसाठी असं कलम नाही, सगळं गटावर सोडलंय. दोन्ही मला अपुरे वाटतात. शक्ती पूर्ण गेली तर खेळाडू दोन तास हात बांधून बसतो. आणि काहीच झालं नाही तर देव नुसता नावापुरता उरतो.

आम्ही नदीच्या घाटावरून एक पद्धत बसवली आणि ती चांगली चालली आहे. कागदाच्या कडेला सात पायऱ्या काढायच्या, तळापासून वर मोजायच्या, आणि चौथीवर पाणी आहे असं धरायचं. कर्तव्य झळ सोसून पाळलं तर पाणी एक पायरी चढतं. पथ्य मोडलं तर एक उतरतं. रोजची ओंजळ विसरली तर लगेच काही नाही, पण तीन दिवस विसरली तर एक उतरतं. तिसरी ते पाचवी या पट्ट्यात सगळं नेहमीसारखं. दुसरीवर आलं की बरं करतानाचे जादा ३ मिळत नाहीत. पहिलीवर आलं की रोजचा एक स्पेल स्लॉटही, म्हणजे मंत्र टाकायची एक संधी, जातो. त्याखाली कधीच नाही.

खरी गंमत वरच्या टोकाला आहे. पाणी सहाव्या पायरीवर चढलं की बरं करण्याचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा, पण देवी रोज एक काम सांगते आणि ते टाळता येत नाही. सातवीवर गेलं की एकदाच, पात्राला हवी ती मोठी कृपा होते. मग पूर ओसरतो, पाणी तिसरीवर येतं आणि जाताना पात्राची एखादी प्रिय गोष्ट घेऊन जातं. देवाच्या फार जवळ जाणंही सोपं नसतं, हे खेळाडूला आकड्यातून जाणवतं. तुमचा देव अग्नीचा असेल तर पायऱ्यांऐवजी समईच्या वाती घ्या, डोंगराचा असेल तर चढणीवरचे टप्पे. तत्त्व एकच: दोन्ही टोकं जड असली पाहिजेत, आणि उतरलेलं पुन्हा चढवायचा रस्ता, म्हणजे फेड, खेळाडूला आधीपासून माहीत असला पाहिजे.

सहावी पायरी : टेबलावर

तिसऱ्या बैठकीत नावा जाळणाऱ्या टोळीचा म्होरक्या सावळीच्या डोळ्यांसमोर नदीत पडला. जळालेल्यांत तिच्या बापाची नाव होती. जादूगार खेळणारा मित्र ओरडला, "आता ह्यालाबी वाचवणार व्हय तू?" मैत्रिणीनं फासा उचलला आणि म्हणाली, "मी उडी टाकते." बराच वेळ कुणी बोललं नाही. पाणी पाचव्या पायरीवर चढलं. तो म्होरक्या आज आमचा सगळ्यात भरवशाचा खबऱ्या आहे, पण ते तेव्हा तिला माहीत नव्हतं.

यात एक धोका आहे आणि तो मी दुसऱ्या गटात पाहिलेला आहे. पथ्य स्वतःला बांधणारं असावं, इतरांना नाही. "माझ्या देवाला चालत नाही म्हणून तुम्हीही हे करायचं नाही" असं म्हणणारं पात्र दोन बैठकांत नकोसं होतं. सावळी लोखंड घालत नाही, पण योद्ध्याच्या चिलखताबद्दल तिनं कधी अवाक्षर काढलेलं नाही. नदी ओलांडताना ती त्याच्या शेजारी बसते, इतकंच.

तिसऱ्या पातळीला ऑग्युरी हा मंत्र मिळतो. पुढच्या अर्ध्या तासात करायच्या गोष्टीबद्दल देवाला विचारायचं; उत्तर शुभ, अशुभ, दोन्ही किंवा काहीच नाही. हा सरळ सरळ कौल आहे. तेव्हा तो तसाच लावा: टाकावर पाण्यानं दोन फुलं चिकटवा आणि डीएमला कुठलं पडलं ते सांगू द्या. एकाच दिवशी पुन्हा पुन्हा विचारलं तर उत्तर नुसतं योगायोगानं, कुठलंही, येण्याची शक्यता दर वेळी २५ टक्क्यांनी वाढते. देवाला सारखं छेडू नये, हे घरातल्या मोठ्यांनी सांगितलेलंच आहे.

डीएमसाठी एवढंच: दर बैठकीत देवाला एकदा तरी बोलू द्या. वाणी नको. ओंजळीतलं पाणी नेहमीपेक्षा गार लागलं, एवढं पुरतं.

आणि एक प्रश्न पहिल्या बैठकीआधीच सोडवून ठेवा: मेलेल्याला परत आणणं तुमच्या देवाला चालतं का? रिव्हिव्हिफाय पाचव्या पातळीला हाती येतो. मरून एक मिनिट व्हायच्या आत, ३०० सुवर्णमुद्रांचा हिरा खर्चून माणूस उठवता येतो. ऐन वेळी, मित्राचं पात्र समोर पडलेलं असताना हा वाद घालायचा नसतो. मैत्रिणीनं तो आधीच स्वतःशी घातला. कागदाच्या मागे तिच्या अक्षरात लिहिलेलं आहे: "बुडालेला माणूस डोहाईचा. त्याला परत मागणार नाही. मागायचीच वेळ आली तर बदल्यात माझी नाव देईन." ती नाव तिनं बापासाठी तीन महिने खपून नवी बांधली आहे. सावळी सध्या चौथ्या पातळीवर आहे, आणि आमचा जादूगार पोहता येत नसताना नदीकाठी मुक्काम करायचा हट्ट धरून बसला आहे.